नऊवारी आणि फिलाडेल्फियाची थंडी : डॉ. आनंदीबाई जोशी

कल्याणच्या यमुनेचा विवाह नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांतच दगावला. वैद्यक शिकण्याचा निश्चय त्या दुःखातून दृढ झाला. फेब्रुवारी १८८३ मध्ये कलकत्त्याजवळील सेरामपूर येथील सभेत आनंदीबाईंनी हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परतण्याचा शब्द दिला. एप्रिलमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पतीला मागे ठेवून त्या अमेरिकेस निघाल्या.

तो शब्द पाळताना काय सोसावे लागेल, याची कल्पना श्रोत्यांना क्वचितच आली असेल.

न्यू जर्सीतील रोझेल येथे श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी सुरुवातीचे दिवस मायेत गेले. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. खरी परीक्षा फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात सुरू झाली. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहत. तिथल्या हिवाळ्यात ते निभणे शक्य नव्हते. पाश्चात्त्य पोशाख तर घ्यायचा नव्हता. अखेर त्या घोट्यापर्यंत येणारी साडी गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. तडजोड किरकोळ दिसते. पण दूर भारतात असलेल्या पतीला तिचीही कारणे पत्रातून पटवावी लागत होती. आहार शाकाहारीच राहिला. खोलीतील शेगडी धूर ओकत असे. पेटवावी तर खोकला, विझवावी तर गारठा. पदवीचे कौतुक सर्वत्र होते, या रोजच्या झुंजीचे मात्र फारसे होत नाही.

१८८५ च्या एका छायाचित्रात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली यांच्यासह आनंदीबाई दिसतात. तिघीही आपापल्या देशाच्या वेशात आहेत. परकेपणाचा भार तेथे एकटीवर नव्हता, एवढा दिलासा ते चित्र देते.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली, समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. प्रबंधाचा विषय हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या आईने तो निवडावा, यात नवल नाही.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभाग त्यांची वाट पाहत होता. पण आनंदीबाई परतल्या त्या क्षयाने खंगूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण होण्यास महिनाभर उरला होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पुकीप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या आजही आहेत.