अंतराळयुगाचे अनामिक शिल्पकार

४ ऑक्टोबर १९५७ रोजी मानवाने घडविलेला पहिला उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन हे अंतराळात जाऊन सुखरूप परतणारे पहिले मानव ठरले. गागारिन यांचे नाव जगभर गाजले. परंतु ज्यांच्या परिश्रमाने ही दोन्ही कार्ये सिद्धीस गेली, त्यांचे नाव जगाला ठाऊक नव्हते. सोव्हिएत सरकारने ते गुप्त ठेवले होते. त्यांचा उल्लेख केवळ ‘मुख्य रचनाकार’ असा होत असे. हे मुख्य रचनाकार म्हणजे सेर्गेई पावलोविच कोरोलेव्ह होत.

कोरोलेव्ह यांचा जन्म १२ जानेवारी १९०७ रोजी युक्रेनमधील झितोमिर येथे झाला. आईवडील विभक्त झाल्यामुळे त्यांचे बालपण आजोळी गेले. पुढे ओडेसा बंदरात राहत असताना समुद्रावरून झेपावणारी विमाने पाहून त्यांना उड्डाणाचा ध्यास लागला. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी इंजिनावाचून उडणाऱ्या विमानाचा, म्हणजे ग्लायडरचा, आराखडा तयार केला. मॉस्को येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर त्यांचे मन अग्निबाणांकडे वळले.

१९३८ साली त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. खोट्या आरोपावरून त्यांना अटक झाली आणि सैबेरियाच्या पूर्वेस, कोलिमा येथील सोन्याच्या खाणीवर सक्तमजुरीस धाडण्यात आले. तेथील कडाक्याच्या थंडीने आणि अपुऱ्या अन्नाने त्यांचे शरीर खंगले. दात पडले. पुढे त्यांना कैदी अभियंत्यांच्या कार्यालयात आणण्यात आले आणि १९४४ साली त्यांची सुटका झाली. इतके सोसूनही त्यांनी आपल्या कामाची कास सोडली नाही.

गागारिन यांच्या प्रवासानंतर कोरोलेव्ह यांच्यासमोर नवे कोडे उभे राहिले. मानवाला यानातून बाहेर, निर्वात पोकळीत कसे पाठवावे? यानाचे दार एकदम उघडले, तर आतील सारी हवा निघून जाईल. त्या यानातील उपकरणे हवेनेच थंड राहत. हवा गेली की ती तापून निकामी होत. म्हणून दोन दारांचा एक मधला कक्ष हवा होता. आतले दार मिटून घ्यावे, कक्षातील हवा सोडून द्यावी आणि मगच बाहेरचे दार उघडावे, अशी ही योजना. परंतु धातूचा कक्ष यानावरील आवरणात मावणारा नव्हता.

मग सेवेरिन यांच्या कारखान्यात कापडी कक्ष तयार करण्यात आला. त्याला ‘व्होल्गा’ असे नाव होते. घडी केल्यावर तो सुमारे पाऊण मीटर उंचीचा होई आणि फुगविल्यावर अडीच मीटर लांब होई. त्याला आकार देण्यासाठी सुमारे चाळीस हवेच्या नळ्या बसविल्या होत्या. सायकलच्या चाकातील ट्यूबमध्ये हवा भरली की ती ताठ होते, तशाच या नळ्या ताठ होत. त्यांचे तीन स्वतंत्र गट केले होते. एका गटातील हवा गेली, तरी उरलेले दोन गट कक्ष सावरून धरीत.

२२ फेब्रुवारी १९६५ रोजी हा कक्ष लावून एक माणूसविरहित यान चाचणीसाठी सोडण्यात आले. कक्ष नीट फुगला. परंतु जमिनीवरील दोन केंद्रांकडून एकाच वेळी संदेश गेले. यानाने त्यांचा भलताच अर्थ लावला आणि अखेर ते स्वतःच स्फोटाने नष्ट झाले. कक्षाची परीक्षा झाली होती; पण यान परत कसे येते, ते मात्र कळले नव्हते. दुसरे यान तयार होण्यास बराच काळ लागला असता. कोरोलेव्ह यांनी काहीही न लपविता ही हकिकत अंतराळवीर पावेल बेल्यायेव्ह आणि अलेक्सेई लिओनोव यांच्यासमोर मांडली. दोघांनीही जाण्याचा निर्धार केला.

१८ मार्च १९६५ रोजी लिओनोव त्या कापडी कक्षातून बाहेर पडले आणि सुमारे बारा मिनिटे पोकळीत तरंगले. अंतराळात चालणारे ते पहिले मानव होत. परतताना मात्र कठीण प्रसंग ओढवला. बाहेर हवेचा दाब नसल्याने त्यांचा पोशाख फुगून ताठ झाला होता, हातपाय वाकेनात. त्यांनी पोशाखातील दाब धीराने कमी केला आणि ते कसेबसे आत शिरले. कक्ष टिकला, पण फुगलेल्या पोशाखाचे हे वर्तन आधीच्या चाचण्यांत पुरते ध्यानी आले नव्हते. दुसऱ्या दिवशी यान बर्फाच्छादित अरण्यात उतरले. दोन्ही अंतराळवीर सुखरूप होते.

१४ जानेवारी १९६६ रोजी मॉस्को येथे शस्त्रक्रियेच्या वेळी कोरोलेव्ह यांचे निधन झाले. दोनच दिवसांनी वृत्तपत्रांत त्यांचे नाव व छायाचित्र झळकले. ज्यांच्या यानांकडे जग आश्चर्याने पाहत होते, त्यांचा चेहरा जगाला तेव्हा प्रथम दिसला. त्यांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवण्यात आल्या. पुढे २०१६ साली आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाला फुगवता येणारी एक खोली जोडण्यात आली. घडी करून न्यावे आणि वर गेल्यावर हवेने उभे करावे, हा विचार कोरोलेव्ह यांच्या यानावर एकदा कसोटीस उतरला होता.