छोटी लंका, मोठा माणूस

मे महिन्यात उजनीचं पाणी ओसरलं की करमाळा तालुक्यातल्या आमच्या काठावर भेगाळलेली जमीन उघडी पडते. पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. आमचं जुनं गाव मात्र गाळात गेलं, आणि घरात त्याचा एकही फोटो नाही. म्हणून मागच्या सुट्टीत आबांना विचारून विचारून मी मातीचं गाव केलं. पार, मारुतीचं देऊळ, विहीर, पोळ्याचे दोन मातीचे बैल. सगळं पाटीत घालून धरणाच्या पोटात नेलं आणि मोबाईलवर फोटो काढले. आबांनी बघितलं आणि हसले. त्यांना ती भातुकली वाटली.

मित्रांनो, तेव्हा मला दादासाहेब फाळके भेटले, म्हणजे लायब्ररीत! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे फाळके म्हणजे जीकेच्या पुस्तकातला १९६९ पासूनचा पुरस्कार, एवढंच माहीत होतं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला, फोटोग्राफी असं बरंच काही शिकले. गोध्र्याला स्टुडिओ काढला, पण प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छापखाना, मध्येच जादूचे प्रयोग. आजच्या भाषेत ‘करिअर सेट नाही’ असा माणूस!

१९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघितला आणि आपले देव असेच पडद्यावर आणायचे असं ठरवलं. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पहिला प्रयोग कशाचा, तर कुंडीतल्या वाटाण्याचा! एकेक फ्रेम घेत कित्येक दिवसांची वाढ त्यांनी मिनिटाभरात दाखवली. ते बघून पैसेवाल्यांचा विश्वास बसला. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला आणि फिल्म धुवायलाही त्या शिकल्या.

१९१५ मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेमने हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. १९१७ च्या ‘लंकादहन’साठी छोटी मॉडेल्स वापरली आणि शिवाय सेटही जाळले. इंजिनिअरिंगवाल्यांना यातली गोम कळेल. मॉडेल लहान करता येतं, गुरुत्वाकर्षण नाही. सोळापट लहान मॉडेलचा खांब खऱ्या खांबाच्या चौपट लवकर खाली येतो, त्यामुळे बघणाऱ्याला लगेच खोटेपणा कळतो. आग आणि पाणीही तसंच फितूर होतं.

शेवट मात्र सुखाचा नाही. बोलपट आले आणि मूकपटवाले मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले. त्यांच्या बहुतेक फिल्म आज नाहीत, आहेत त्यांचेही तुकडेच. ज्यांनी न दिसणारं दाखवलं, त्यांचंच काम दिसेनासं झालं. हे वाचून मला आमचं गावच आठवलं.

मी परत पाटी उचलली. या वेळी मोबाईल उभ्याने धरला नाही, गाळात आडवी पडून बैलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला. उन्हं कलेपर्यंत थांबले. मागे मातीचा पुठ्ठा नाही, खरं पाणी आणि खरं आभाळ घेतलं. कपड्यांवरून आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

हा फोटो बघून आबा हसले नाहीत. बराच वेळ बघत राहिले आणि मग एकदम चिडले. विहीर देवळाच्या चुकीच्या बाजूला होती म्हणे!

येत्या मे महिन्यात विहीर हलवायची आहे.