वासुदेव बळवंत फडके

वासुदेव बळवंत फडके (जन्म : ४ नोव्हेंबर १८४५, शिरढोण, तालुका पनवेल, मृत्यू : १७ फेब्रुवारी १८८३, एडन) हे ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव करणारे मराठी क्रांतिकारक होते. आद्य क्रांतिकारक म्हणून ते ओळखले जातात. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळात त्यांनी पाहिलेली उपासमार हे त्यांच्या उठावाचे एक प्रमुख कारण होते.

पूर्वायुष्य

शिरढोण हे गाव कर्नाळा किल्ल्याच्या परिसरात आहे. फडके यांचे आजोबा अनंतराव हे या किल्ल्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. वासुदेवांचे प्रारंभीचे शिक्षण कल्याण येथे झाले. पुढे पुण्यात लष्करी हिशेब खात्यात त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली. आई आजारी असताना त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही आणि ते घरी पोहोचण्यापूर्वीच तिचे निधन झाले. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते शस्त्रविद्या शिकले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या व्याख्यानांमुळे देशाच्या आर्थिक शोषणाचा प्रश्न त्यांच्यापुढे स्पष्ट झाला.

दुष्काळ आणि मजुरांचे अन्नमान

१८७६ मध्ये पाऊस न झाल्याने दख्खनमध्ये तीव्र दुष्काळ पडला. सरकारने दुष्काळी कामे काढली. परंतु जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी कमी करून ती दिवसाला एक रतल, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्याची किंमत आणि वर थोडी रोकड एवढ्यावर आणली. अंगमेहनत करणाऱ्या माणसाचे एवढ्या धान्यावर भागणार नाही, त्याला अधिक धान्य आणि डाळ-भाजीपाल्याची जोड हवी, असा आक्षेप मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी घेतला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. या दुष्काळात देशभरात सुमारे ५५ लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगाने उपासमारीचे मूळ धान्याच्या तुटवड्यापेक्षा शेतमजुरांचा रोजगार बुडण्यात असल्याचे नमूद केले.

फडके यांनी दुष्काळी भागांत स्वतः फिरून लोकांचे हाल पाहिले. अर्ज-विनंत्यांनी हा प्रश्न सुटणार नाही, अशी त्यांची धारणा झाली.

उठाव

सुशिक्षितांकडून साथ न मिळाल्याने फडके यांनी रामोशी, कोळी, भिल्ल व धनगर समाजांतील तरुण जमवले. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारी येथे पहिला दरोडा घालण्यात आला. दुष्काळग्रस्तांना मदत आणि फौजेची उभारणी या दोन्हींसाठी त्यांना पैसा हवा होता. प्रत्यक्षात तेथे मिळालेली रक्कम अल्प होती. मे १८७९ मध्ये दौलतराव नाईक यांच्या तुकडीने पनवेलजवळील पळस्पे येथे मोठी लूट मिळवली. मात्र परतीच्या वाटेवर मेजर डॅनियल यांच्या सैन्याशी झालेल्या चकमकीत नाईक मारले गेले. याच महिन्यात फडके यांनी सरकारच्या आर्थिक धोरणाचा निषेध करणारा जाहीरनामा काढला. सरकारने त्यांना पकडून देण्यासाठी बक्षीस जाहीर केले होते. त्यांनी उलट गव्हर्नरच्या शिरासाठी बक्षीस लावले. हे गव्हर्नर म्हणजे मजुरांचे अन्नमान घटवणारे रिचर्ड टेंपल होत.

अटक आणि मृत्यू

नाईक यांच्या मृत्यूनंतर फडके श्रीशैल येथे गेले. पुढे रोहिल्यांची नवी फौज उभारण्याचा त्यांचा प्रयत्न सफल झाला नाही. जुलै १८७९ मध्ये देवर नावदगी (सध्या कर्नाटक) येथे त्यांना पकडण्यात आले. पुण्यातील खटल्यात सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांचा बचाव केला. फडके यांनी स्वतः लिहिलेली रोजनिशीच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. जन्मठेपेची शिक्षा भोगण्यासाठी त्यांना एडनला पाठवण्यात आले. तेथे कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले, परंतु लवकरच पकडले गेले. एडनच्या तुरुंगातच वयाच्या ३७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

स्मारके

शिरढोण येथे फडके यांचे स्मारक आहे. पनवेलमधील नाट्यगृहाला आणि मुंबईत मेट्रो चित्रपटगृहाजवळील चौकाला त्यांचे नाव दिले आहे. भारतीय टपाल खात्याने १९८४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.