गणेश वासुदेव जोशी
गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका (जन्म : सातारा, १८२८, मृत्यू : २५ जुलै १८८०) हे पुण्यातील वकील, पुणे सार्वजनिक सभेचे संस्थापक आणि स्वदेशीच्या चळवळीचे आद्य प्रवर्तक होते. ब्रिटिश राजवटीतील शेतसारा व इतर करांविरुद्ध रयतेची गाऱ्हाणी संघटितपणे आणि आकडेवारीच्या आधारे सरकारपुढे मांडण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

पूर्वायुष्य
जोशी यांचा जन्म सातारा येथे झाला. पुढे ते पुण्यास आले. प्रारंभी त्यांनी सरकारी कचेरीत कारकुनी केली. नंतर वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी पुण्यात व्यवसाय सुरू केला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीही स्त्रियांच्या सभेचे कार्य केले.

सार्वजनिक सभेची स्थापना
पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुण्यात असंतोष होता. त्याची दाद मागण्याच्या निमित्ताने लोकांची कायमस्वरूपी संस्था असावी, असा विचार पुढे आला आणि २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद होणाऱ्यास किमान ५० लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र सादर करावे लागे. स्थापनेच्या वेळी ९५ सभासदांना सुमारे ६,००० लोकांनी असे अधिकारपत्र दिले होते. आपण कोणाच्या वतीने बोलतो, हे सभेला त्यामुळे कागदावर दाखविता येत असे. सभेच्या कामाला जोशी यांनी स्वतःला इतके वाहून घेतले की लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले. १८७१ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यास आले आणि सभेच्या अभ्यासपूर्ण कामास त्यांचे मार्गदर्शन लाभले.

शेतसाऱ्याचा प्रश्न
दख्खनमधील जमाबंदी ३० वर्षांच्या मुदतीची होती. इंदापूर तालुक्यात १८३६ साली ठरलेल्या दरांची मुदत १८६० च्या दशकात संपली आणि १८६७ पासून फेरजमाबंदी सुरू झाली. त्यापूर्वीच्या काही वर्षांत अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते व त्याबरोबर धान्याचे भावही वाढले होते. नवे दर या तेजीच्या काळाकडे पाहून आकारले गेले. युद्ध संपल्यावर भाव उतरले, पण वाढीव सारा कायम राहिला. सारा रोखीने व ठरलेल्या हप्त्यांत भरावा लागत असल्यामुळे शेतकरी सावकाराकडे जाऊ लागला आणि जमीन गहाण पडू लागली.

सभेने १८७२-७३ मध्ये या प्रश्नाच्या चौकशीसाठी उपसमिती नेमली. गावोगावची माहिती जमवून तिचा अहवाल तयार करण्यात आला. हिंदुस्थानच्या वित्तव्यवस्थेची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे ही माहिती ठेवावी, हा त्यामागील उद्देश होता. सभेच्या व शेतकऱ्यांच्या तक्रारी वाढत असतानाच मुंबई सरकारने १८७४ मध्ये सारावाढीवर मर्यादा घातली. तालुक्याच्या एकूण आकारात ३३ टक्के, एखाद्या गावाच्या आकारात ६६ टक्के आणि एका खातेदाराच्या आकारात १०० टक्के, यांहून अधिक वाढ करू नये, असे ठरले. मात्र तोपर्यंत अनेक शेतकरी कर्जात बुडाले होते. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व कर्जाची कागदपत्रे यांवर हल्ला केला. हा उठाव पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला.

करांचा प्रश्न प्रतिनिधित्वाशी जोडलेला आहे, अशी सभेची भूमिका होती. अमेरिकेतील तेरा वसाहतींनीही अठराव्या शतकात प्रतिनिधित्वाशिवाय कर देण्यास विरोध केला होता. तेथे त्याची परिणती स्वातंत्र्ययुद्धात झाली. सभेने मात्र सनदशीर मार्ग धरला आणि ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानला प्रतिनिधित्व मिळावे, अशी मागणी अर्जाद्वारे केली.

स्वदेशी आणि दुष्काळ
१८७२ पासून जोशी यांनी देशी, हाताने कातलेल्या सुताचे कपडे वापरण्याचे व्रत घेतले. देशी मालाच्या विक्रीसाठी दुकाने काढण्यासही त्यांनी उत्तेजन दिले. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीच्या वेशात उपस्थित राहिले. त्याच वेळी दख्खनमध्ये भीषण दुष्काळ (१८७६-७८) सुरू होता. सभेने दुष्काळी भागांतून माहिती मागवून ती वेळोवेळी सरकारला कळविली.

फडके खटला
दुष्काळानंतरच्या असंतोषातून वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ मध्ये सशस्त्र बंड केले. ते पकडले गेल्यानंतर पुण्यात त्यांच्यावर खटला चालला. सरकारच्या रोषाचे भय असताना जोशी यांनी महादेव चिमणाजी आपटे यांच्यासह फडके यांचे वकीलपत्र घेतले. स्वतः अर्ज-विनंत्यांच्या मार्गाने चालणाऱ्या जोशी यांनी बंडखोरालाही न्यायालयात बचावाचा हक्क आहे, हे कृतीतून दाखविले. फडके यांना जन्मठेप झाली व त्यांना एडन येथे पाठविण्यात आले.

मृत्यू व वारसा
खटल्यानंतर वर्षभराच्या आत, २५ जुलै १८८० रोजी जोशी यांचे निधन झाले. सार्वजनिक सभेचे कार्य त्यांच्यानंतरही चालू राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली सभेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन सारासवलतीविषयी शेतकऱ्यांना त्यांचे हक्क समजावून दिले. त्यामुळे १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. माहिती गोळा करणे, लोकांचे अधिकारपत्र मिळविणे आणि त्या बळावर सरकारला जाब विचारणे ही जोशी यांनी घालून दिलेली रीत पुढील राजकीय चळवळींना उपयोगी पडली.