मुलांसाठी रोज हाताने पेपर लिहिणारा मास्तर : साने गुरुजी

'श्यामची आई' लिहिणारे साने गुरुजी सगळ्यांना माहीत आहेत. पण वसतिगृहातल्या पोरांसाठी रोज हाताने पेपर लिहिणारे साने गुरुजी माहीत आहेत का?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. १९२४ मध्ये ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आलं. तिथल्या पोरांचं वय अडनिडं. या वयात लहानांच्या गोष्टी नकोशा होतात आणि मोठ्यांची पुस्तकं जड जातात. मग गुरुजींनीच त्यांच्यासाठी 'छात्रालय दैनिक' सुरू केलं. रोजचं आणि हस्तलिखित! त्याच काळात 'विद्यार्थी' मासिकही काढलं.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. 'श्यामची आई' लिहून झाली ती १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. ११ जून १९५० ला गुरुजी गेले, पण 'साधना' आजही पुण्यातून निघतं.

याच पुणे जिल्ह्यात भोर-वेल्ह्याची डोंगरातली गावं आहेत. आठवी-नववीच्या पोरांनी वाचायचं काय, हा प्रश्न तिथेही आहे आणि शहरातही. वाचनालय म्हटलं की आपण आधी इमारत आणि निधी शोधतो. गुरुजींनी सुरुवात केली ती कागद आणि लेखणीवर. समोरच्या पोरांना काय हवंय, हे मात्र त्यांना नेमकं ठाऊक होतं.