संकटकाळातले अध्यक्ष : फ्रँकलिन रूझवेल्ट

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, ही आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा ते काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई यांच्यावर पूर्वी लिहून झालेले आहे. मी एका परक्या देशातल्या पुरुषाचे नाव सुचवले, तेव्हा एकदोघींनी नाके मुरडली. त्यांचा राग नाही. पण कारण सांगणे माझे कर्तव्य आहे.

२०१४ साली मी मंडळाची खजिनदार होते. ज्या सहकारी बँकेत आपले खाते होते, तिच्या दारावर एके सकाळी निर्बंधांची नोटीस लागली. सहा महिन्यांत एका खात्यातून एक हजार रुपये मिळतील, अधिक नाही. पापड-मसाल्याच्या विक्रीचे आणि वर्गणीचे मिळून आपले ८४,००० रुपये आत अडकले. बँकेच्या पायरीवर बसून रडणाऱ्या बायका त्या दिवशी मी पाहिल्या. घरी आल्यावर मुलगा म्हणाला की अमेरिकेत एकदा साऱ्या देशातल्या बँका एकदम बंद झाल्या होत्या. मला ते खरे वाटेना. वाचनालयातून पुस्तक आणले आणि रूझवेल्ट यांची ओळख झाली, ती अशी.

फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठच्या हाइड पार्क या गावी झाला. घर सधन, आईचे ते एकुलते एक लेकरू. लाडाकोडात वाढलेल्या या मुलाला गरिबी कशाशी खातात हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १९०५ साली एलिनॉर यांच्याशी त्यांचे लग्न झाले. एलिनॉर पोरक्या होत्या. त्यांचे कन्यादान म्हणावे तसा विधी त्यांच्या काकांनी केला आणि ते काका, थिओडोर रूझवेल्ट, त्या वेळी देशाचे अध्यक्ष होते. फ्रँकलिन राजकारणात शिरले, नौदलाचे उपमंत्री झाले, १९२० साली उपाध्यक्षपदाची निवडणूक लढून हरले. येथवर सारे सुखवस्तू घरातल्या हुशार मुलाचे असते तसेच.

१९२१ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. पोलादी पट्ट्या बांधून आणि कोणाच्या तरी दंडाचा आधार घेऊनच त्यांना उभे राहता येई. जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज येथे गरम पाण्याचे झरे आहेत. तेथे ते उपचारांसाठी जात आणि त्यांच्याच व्याधीने ग्रासलेली साधी माणसे, लहान मुले त्यांना तेथे भेटत. मदतीवाचून माणसाचे चालत नाही आणि मदत घेण्यात लाज नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९२८ साली ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निवडून आले.

दुसऱ्याच वर्षी, १९२९ च्या ऑक्टोबरात, शेअरबाजार कोसळला. कारखाने थंडावले, धान्याचे भाव पडले. १९३३ पर्यंत कामकऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक बेकार झाले होते आणि हजारो बँका बुडाल्या होत्या. बँक बुडाली की ठेवीदाराच्या हाती काही येईलच याचा भरवसा नसे. म्हणून जरा कुजबुज झाली की लोक धावत जाऊन पैसे काढीत, आणि त्या धावण्यानेच धडधाकट बँकही बुडे. भगिनींनो, भिशीतल्या दोघीतिघींनी घाबरून एकदम पैसे मागितले तर चांगली चाललेली भिशीही मोडते. तसेच हे होते.

अशा वेळी काम कोणाचे? अमेरिका हा राज्यांचा संघ. गरिबांना मदत करणे हे गावाचे, चर्चचे, फार तर राज्याचे काम, असे तेथे पिढ्यानपिढ्या मानत आलेले. त्या वेळचे अध्यक्ष हूव्हर काही निष्ठुर गृहस्थ नव्हते. पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या उपाशी जनतेला अन्न पोहोचवण्याचे मोठे काम त्यांनीच उभे केले होते. १९३२ साली त्यांनी बँकांना कर्जे देण्यासाठी सरकारी संस्थाही काढली. पण केंद्राच्या तिजोरीतून थेट गरिबाच्या हाती पैसा देणे त्यांना पटत नसे. त्याने माणसे परावलंबी होतील अशी त्यांना भीती वाटे. इकडे गावांच्या आणि राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या झाल्या होत्या. शेजारणीकडे पीठ उसने मागायला जावे, तर तिचाही डबा रिकामा!

१९३२ च्या नोव्हेंबरात रूझवेल्ट निवडून आले आणि ४ मार्च १९३३ रोजी त्यांनी शपथ घेतली. तोवर बहुतेक राज्यांनी आपापल्या बँका बंद तरी केल्या होत्या, नाहीतर पैसे काढण्यावर बंधने तरी घातली होती. एका राज्याने दार लावले की लोंढा शेजारच्या राज्यात जाई. ४८ राज्यांनी ४८ प्रकारे लावलेल्या दारांचा उपयोग नव्हता. रूझवेल्ट यांनी ६ मार्चला जाहीरनामा काढून साऱ्या देशातल्या बँकांना सुटी दिली. यासाठी त्यांनी आधार घेतला तो १९१७ च्या, शत्रूशी व्यापार रोखण्यासाठी केलेल्या युद्धकालीन कायद्याचा. शांततेच्या काळात हा कायदा लागू पडतो का, अशी शंका घेण्यास जागा होती. म्हणून ९ मार्चला नवा कायदा मांडला गेला. तो एकाच दिवसात दोन्ही सभागृहांत संमत होऊन त्यावर सहीही झाली. अनेक सभासदांना त्याची छापील प्रत पाहायलाही मिळाली नव्हती.

१२ मार्चच्या रविवारी रात्री रूझवेल्ट रेडिओवर बोलले. बँक म्हणजे काय, आपण ठेवलेला पैसा तेथे नुसता पेटीत पडून का नसतो, कोणत्या बँका कधी उघडतील, हे त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्याने समजवावे तसे साध्या शब्दांत सांगितले. दुसऱ्या दिवशी तपासून पारखलेल्या बँका टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या आणि रांगा पुन्हा लागल्या. पण या खेपेस पैसे परत ठेवण्यासाठी! त्याच वर्षी जूनमध्ये ठेवींच्या विम्याचा कायदा झाला. १ जानेवारी १९३४ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळाले. आपल्याकडेही असा विमा १९६२ पासून आहे, आणि मंडळाचे ८४,००० रुपये दोन वर्षांनी का होईना, त्याच विम्यातून परत मिळाले. रूझवेल्ट मला परके वाटत नाहीत ते यामुळे.

बँकांनंतर पोटाचा प्रश्न. केंद्राने राज्यांना मदतीसाठी पन्नास कोटी डॉलर दिले. बेकार तरुणांना रानात झाडे लावण्याच्या, बांध घालण्याच्या कामावर नेले. महिन्याला तीस डॉलर पगार आणि त्यातले पंचवीस परस्पर घरी धाडायचे, असा नियम होता. हा नियम वाचताना कितीतरी आयांच्या चुली पेटलेल्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. १९३५ साली म्हातारपणाचे निवृत्तिवेतन आणि बेकारीचा विमा यांचा कायदा झाला. त्यामागे मोठी खटपट होती मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांची. अमेरिकेच्या मंत्रिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या स्त्री.

पण चरित्र लिहायचे तर आरती ओवाळून भागत नाही. त्या निवृत्तिवेतनातून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका वगळल्या गेल्या होत्या. त्यांत काळ्या लोकांची संख्या फार मोठी होती. धान्याचे भाव वाढावेत म्हणून शेतमाल कमी करायचे ठरले, आणि लोक अर्धपोटी असताना उभा कापूस नांगरला गेला, साठ लाख डुकराची पिल्ले मारली गेली. बेकारीही पुरती हटली ती दुसऱ्या महायुद्धाच्या कामांमुळेच.

केंद्राचा हात लांबत चालला, तेव्हा तो अडवलाही गेला. उद्योगांना नियम घालून देणारा कायदा मे १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. खटला होता ब्रुकलिनच्या कोंबड्या विकणाऱ्या भावांचा, आणि नऊच्या नऊ न्यायाधीश एकमताचे होते. १९३६ ची निवडणूक ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकल्यावर रूझवेल्ट यांनी न्यायालयात आणखी सहा न्यायाधीश नेमता यावेत, अशी योजना आणली. लोक आपल्या मागे आहेत, मग आड कोण येणार, असे त्यांना वाटले असावे. आड आले ते त्यांच्याच पक्षाचे सभासद. १९३७ साली ती योजना बारगळली. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. ज्यांनी संकटात किल्ली हाती दिली, त्यांनीच कपाटाचे दार मोडू दिले नाही.

दुर्दैवाने पुढच्या संकटात कोणी आडवे आले नाही. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी रूझवेल्ट यांनी एका हुकुमावर सही केली, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरेदारे, दुकाने, शेते सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत नेण्यात आले. त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. गुन्हा काही नाही, चौकशी नाही. १९४४ साली सर्वोच्च न्यायालयानेही या कारवाईला मान्यता दिली. देशाने कायद्याने माफी मागितली ती १९८८ साली. तोवर कितीतरी जण हे जग सोडून गेले होते.

रूझवेल्ट चार वेळा निवडून आले. युद्धाचा शेवट त्यांना पाहता आला नाही. १२ एप्रिल १९४५ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, वॉर्म स्प्रिंग्ज येथेच त्यांचे निधन झाले. पुढे १९५१ मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि कोणालाही दोनांहून अधिक वेळा अध्यक्ष म्हणून निवडून येता येणार नाही, असे ठरले.

बँका वाचवणारा हात आणि छावण्यांच्या हुकुमावर सही करणारा हात एकच होता. हे वाचले तेव्हा मला माझीच एक गोष्ट आठवली. ती आजवर मी कोणाला सांगितली नव्हती.

बँक बंद झाल्यावर तुम्ही सर्वांनी, सभा बोलवायला वेळ नाही म्हणून, शिल्लक रोकडीचा सारा अधिकार मला दिला होता. तो द्यायलाच हवा होता. रोज दहा जणींना विचारत बसते तर कच्च्या मालाचे देणे भागले नसते. त्याच दिवसांत पोळ्या लाटायला येणाऱ्या, नुकत्याच सभासद झालेल्या एका भगिनीने मुलीच्या फीसाठी दोन हजार रुपये उसने मागितले. मी नाही म्हटले. रोकड कमी होती हे खरे. पण जुन्या सभासद बाईंना त्याच आठवड्यात मी तेवढेच दिले होते, हेही खरे. ती काही बोलली नाही. मला विचारणारेही कोणी नव्हते. तीन महिन्यांनी सभा भरली, तेव्हा आपल्या सर्वांत वयस्क सभासद आजींनी वही मागून घेतली आणि ओळीवर बोट ठेवून विचारले, हिला का दिले आणि तिला का नाही? मला उत्तर देता आले नाही.

संकटात एकाच हाती अधिकार द्यावा लागतो. रूझवेल्ट यांचे चरित्र वाचून याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. पण अधिकार देताना तो परत कधी घ्यायचा, हिशेब कोण विचारणार आणि ज्यांचा आवाज लहान आहे त्यांची बाजू कोण मांडणार, हे त्याच दिवशी ठरवून ठेवावे. संकट ओसरल्यावर ठरवू म्हटले तर उशीर होतो. आपल्या मंडळाचा निकडीच्या खर्चाबद्दलचा नियम, पंधरा दिवसांत सभेपुढे वही ठेवण्याचा, त्या आजींच्या त्या प्रश्नातून आलेला आहे. नव्या भगिनींना हे ठाऊक असावे, म्हणून लिहिले.

वर्धापनदिनाच्या सभेतही वही टेबलावर ठेवलेली असेल. ती प्रत्येकीने उघडून पाहावी, एवढी विनंती करून लेख पुरा करते.