ना सोलो, ना नखरे... फक्त वरून खाली फटके मारून जॉनी रामोननं भल्याभल्या गिटारवाल्यांना घाम फोडला

इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या पोरांचं एक ठरलेलं दुखणं असतं. कॉर्ड पाठ होतात, डावा हात पळायला लागतो, पण गाण्याचा वेग वाढला की मिनिटभरात उजव्या हाताचा दगड होतो. हा विषय निघाला की जॉनी रामोनचं नाव घ्यावंच लागतं.

खरं नाव जॉन कमिंग्ज, जन्म 1948 चा, गाव न्यूयॉर्क. बांधकामाच्या साइटवर राबणारा गडी. 1974 च्या सुरुवातीला त्यानं साधारण 50 डॉलरला मोसराइटची गिटार घेतली आणि त्याच वर्षी 'रामोन्स' बँड उभा राहिला. सगळ्यांनी रामोन हेच आडनाव लावलं. सख्खा सोडा, चुलत भाऊसुद्धा कुणी कुणाचा नव्हता.

तेव्हा रॉक म्हणजे लांबलचक सोलो. जॉनीला त्यात रस नव्हता. पिक वरून खाली मारायचं, परत वर आणायचं, परत खाली मारायचं, एवढंच त्याचं काम. आता तुम्ही म्हणाल, वर जातानाही तार छेडली तर मेहनत निम्मी होईल की. होते, पण आवाज बदलतो. खाली येणारं पिक आधी जाड तारांवर आदळतं, वर जाणारं आधी बारीक तारांना लागतं. जॉनीला प्रत्येक फटका सारखाच दणकट हवा होता.

मिनिटाला 180 बीट, प्रत्येक बीटला दोन फटके, म्हणजे सेकंदाला 6. मधल्या वेळात हात रिकामा वर यायचा तो वेगळाच. 31 डिसेंबर 1977 ला लंडनच्या रेनबो थिएटरात रामोन्सनी 28 गाणी तासाच्या आत संपवली. करून बघा राव.

बहुतेकांचं गाडं अडतं ते ताकदीपायी. वेग वाढला की पिक घट्ट आवळलं जातं, मनगट आखडतं आणि सगळं काम कोपर-खांद्यावर येतं. अशा वेळी मेट्रोनोमचा वेग उतरवायचा, पिकचं फक्त टोक तारेला लागू द्यायचं, फटका मनगटातून मारायचा आणि तारा ओलांडल्या की हात तिथंच थांबवायचा. हात लांब गेला की परत यायला उशीर होणारच. सैल हातानं मिनिटभर टिकलं तरच वेग थोडा वाढवायचा. दुखायला लागलं तर थांबायचं, तिथं मर्दानगी दाखवायची नाही. आणि गिटार गुडघ्यापर्यंत लोंबती ठेवायचा जॉनीचा थाट सुरुवातीला त्याच्याकडंच राहू द्या, त्यात मनगट अवघड वळतं.

1983 मध्ये रस्त्यावरच्या मारामारीत जॉनीच्या डोक्याला जबर मार बसला, मेंदूचं ऑपरेशन करावं लागलं. तरी पुढच्याच वर्षी नवा अल्बम आला आणि फटके पुन्हा सुरू झाले. 1996 मध्ये बँड थांबला तेव्हा दोन हजारांवर कार्यक्रम झाले होते. मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डसारख्यांनी असे खालचे फटके पुढं मेटलमध्ये गाजवले.

सप्टेंबर 2004 मध्ये कॅन्सरनं जॉनी गेला, वय 55. पहिली गिटार आधीच चोरीला गेली होती. त्यानंतर वर्षानुवर्षं बडवलेली पांढरी मोसराइट 2021 च्या लिलावात 9 लाख डॉलरच्या वर गेली.